अपुऱ्या दिवसांचे बाळ दूध प्यावयास शिकते

एखादा माणूस फार घाई करू लागला की, 'सातव्या महिन्यात जन्मलास काय?' असे आपण सहज विचारतो. हा प्रश्न थट्टेचा असतो. परंतु खरोखरच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मास आलेल्या अर्भकाला पहिला धडा जर कोणता गिरवावा लागत असेल, तर तो घाई न करण्याचा होय. पूर्ण दिवसांचे मूल जन्मानंतर तासाभरात आईच्या अंगाशी लुचू लागते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला हीच गोष्ट साधण्यास दोन ते चार आठवडे, काही वेळा त्याहूनही अधिक काळ लागतो. हा काळ ते रुग्णालयात काढते. या काळात त्याला दूध पिण्याचे जे शिक्षण मिळते, त्यावर त्याचे जगणे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. कलाशाखेची पदवी आणि माहिती खात्यातील नोकरी एवढेच त्याचे भांडवल. तथापि धाराशिव जिल्ह्यात कामानिमित्त फिरत असता, 'बाळाला काचेत ठेवले आहे' हे वाक्य इतक्या वेळा कानांवर आले की, त्या काचेच्या आत नेमके काय चालते, हे समजून घेण्याची निकड भासू लागली. काचेच्या पेटीविषयी लोकांच्या मनात जेवढा धाक आहे, तेवढीच तिच्यावर श्रद्धाही आहे. पेटी ऊब देते, हे खरे. परंतु पेटी बाळाला पिण्यास शिकवीत नाही. ते काम माणसांनाच करावे लागते.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० या वर्षी जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. इतर कोणत्याही देशात ही संख्या एवढी नाही. जन्मवजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या बाळांचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा १८ च्या आसपास आढळले. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात शेकडा ९४ हून अधिक प्रसूती आरोग्यसंस्थांत होऊ लागल्या आहेत. याचा अर्थ असा की, पूर्वी घरातील अंधाऱ्या खोलीत जे मूल मुकाट्याने विझून जात असे, ते आज बहुधा डॉक्टरांच्या नजरेसमोर असते. त्याला जगविणे शक्य झाले आहे, आणि म्हणूनच त्याला पाजावे कसे, हा प्रश्न आता अधिक ठळकपणे पुढे आला आहे.

जाता जाता एका समजुतीचा उल्लेख करावयास हवा. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडे अनेक वडीलधारी मंडळी आजही खात्रीपूर्वक सांगतात. या समजुतीस कोणताही आधार नाही. गर्भाशयातील प्रत्येक वाढीव आठवडा बाळाच्या हिताचाच असतो. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची आशा घरच्यांनी आधीच सोडून दिल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष होते, एवढेच नुकसान या समजुतीने होते. पण ते नुकसान लहान नाही.

चोखणे, गिळणे आणि श्वास

पाण्याचा घोट घेताना आपण क्षणभर श्वास थांबवितो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की, ती आपल्या ध्यानातही येत नाही. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून सहज करवून घ्यावा असा हा प्रयोग आहे. दूध पिणारे अर्भक तीन कामे एका लयीत करीत असते. ते चोखते, गिळते आणि श्वास घेते. या तिन्हींचा मेळ चुकला, तर दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते, बाळ निळे पडते, आणि फुप्फुसात गेलेल्या दुधाने जिवावर बेतू शकते.

हा मेळ मेंदूच्या वाढीबरोबर बसत जातो. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला नीट चोखता येत नाही आणि त्याच्या आतड्यांची पुढे ढकलण्याची हालचालही अपुरी असते. त्याला प्रारंभी शिरेतून द्रव द्यावे लागते. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान बाळ ओठ हलविते, मध्येच चार-दोन वेळा चोखते, परंतु चोखण्याचा आणि श्वासाचा मेळ बसलेला नसतो. अशा बाळाला तोंडातून किंवा नाकातून जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. बत्तीस ते चौतीस आठवड्यांत मेळ बसू लागतो, तेव्हा वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येते. चौतीस आठवड्यांनंतर बहुतेक बाळे आईच्या अंगावर पिऊ शकतात. ही वये अर्थातच ढोबळ आहेत. एखादे बाळ आठवडाभर आधी तयार होते, एखादे मागे राहते, आणि आजारी बाळाचे सारे वेळापत्रकच लांबते.

उदाहरणादाखल वाशी तालुक्यातील एका शेतमजूर कुटुंबात तिसाव्या आठवड्यात जन्मलेले, १,३०० ग्रॅम वजनाचे एक बाळ डोळ्यांसमोर आणू. पहिल्या दिवशी अशा बाळाला दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर या हिशेबाने दिवसभरात १०४ मिलिलिटर द्रव लागतो. प्रकृती स्थिर असून हे सारे दुधाच्या रूपाने देता आले आणि दर दोन तासांनी पाजले, तर एका वेळी नऊ मिलिलिटरही होत नाही. दोन लहान चमचे भरतील न भरतील, एवढेच. पुढे दररोज किलोमागे सुमारे १५ मिलिलिटरने हे प्रमाण वाढवीत आठवडाभरात ते दीडशेपर्यंत नेतात. तेव्हाही एका वेळचे दूध सोळा मिलिलिटरच्या आसपास असते. 'एवढ्याशाने पोराचे काय होणार?' असे दाराबाहेर बसलेल्या आजीला वाटते, आणि तिचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बाळाचे जठरही तेवढेच आहे.

पहिल्या आठवड्यात या बाळाचे वजन शेकडा दहा किंवा त्याहून थोडे अधिक घटते. घरच्यांचा धीर सुटतो तो येथे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वजन पुन्हा जन्माच्या आकड्यावर येते आणि त्यानंतर दररोज वीस-पंचवीस ग्रॅमने वाढू लागते. आपल्या वाशीच्या बाळाचे वजन बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा १,३०० ग्रॅमच भरले, तर त्यात काहीही बिघडलेले नाही, हे कोणीतरी त्या कुटुंबास समजावून सांगावयास हवे.

नळीविषयीही असाच गैरसमज आढळतो. नळी लावली म्हणजे बाळ हाताबाहेर गेले, असे मानले जाते. वस्तुतः नळी ही शिडीची खालची पायरी होय. नळीने दूध जात असताना बाळाला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनाशी नुसते लुचू द्यावे, असे आता सांगण्यात येते. दूध फारसे येत नाही, म्हणून ठसका लागण्याची भीती नसते. पण चोखता चोखता पोट भरते, हा संबंध बाळाच्या ध्यानी येतो. अशा प्रकारे सराव झालेली बाळे नळी सोडून तोंडाने पिण्यास लवकर तयार होतात आणि रुग्णालयातून लवकर घरी जातात, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

आईचे दूध आणि आईचा मुक्काम

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला येणारे दूध हे निसर्गाने जणू त्या बाळासाठीच वेगळे बनविलेले असते. त्यात प्रथिने, क्षार आणि रोगप्रतिकारक द्रव्ये अधिक असतात. पहिल्या दिवसांतील घट्ट, पिवळसर चीक तर थेंबाथेंबाने मोलाचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मृत होण्याचा एक भयंकर आजार जडतो. पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांत त्याचे प्रमाण आईच्या दुधावरील बाळांपेक्षा बरेच अधिक असते. डब्यातील दूध महाग असल्याने ते अधिक चांगले असावे, हा आपल्या मध्यमवर्गाचा तर्क येथे उलटा पडतो.

परंतु लुचणारे बाळ अंगाशी नसता दूध उतरावे कसे? दूध काढले तरच दूध येते. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हाताने दूध काढण्यास प्रारंभ करावा लागतो आणि दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा ते काढावे लागते. रात्रीची वेळ चुकवून चालत नाही. प्रारंभी वाटीच्या तळाशी चार थेंब जमतात आणि आई रडकुंडीस येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रमाण वाढते. स्वच्छ, उकळलेल्या, झाकणाच्या भांड्यात काढलेले हे दूध खोलीतील तापमानात सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवता येते. धाराशिवच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवणेच इष्ट.

यावरून एक गोष्ट उघड होते. आई बाळाजवळ नसेल, तर ही सारी योजना कोसळते. बाळ धाराशिवला कक्षात आणि बाळंतीण परंड्याजवळच्या गावी माहेरी, असे झाले की दोन-तीन दिवसांत तिचे दूध आटू लागते. मग डबा येतो, आणि डब्यापाठोपाठ बाटली येते. आजारी नवजात बालकांच्या कक्षात कुटुंबियांना, विशेषतः आईला, सहभागी करून घेण्याविषयी केंद्र शासनाने २०१७ साली मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आहेत. हात धुणे, बाळाला हाताळणे, दूध काढणे, वाटीने पाजणे आणि धोक्याच्या खुणा ओळखणे या गोष्टी आईला तेथेच शिकविल्या जाव्यात, अशी त्यांमागील कल्पना आहे. आईला दाराबाहेर बसवून ठेवण्याचा काळ संपला आहे, आणि ज्या घरांना अजून हे ठाऊक नाही, त्यांना ते सांगणे आवश्यक आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून शासकीय रुग्णालयांत प्रसूती, आजारी नवजात बालकाचे उपचार, आणि येण्याजाण्याचे वाहन विनामूल्य आहे. या कार्यक्रमात बाळंतिणीच्या आहाराची तरतूद नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत करण्यात आली. वाशीच्या त्या बाळाचा मुक्काम मात्र महिना-दीड महिन्याचा असू शकतो. त्यापुढील दिवसांत आईच्या जेवणाची आणि तिच्यासोबत राहणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीची चिंता बहुधा घरच्यांनाच वाहावी लागते. रोजंदारीवर जगणारे घर पाचव्या दिवशी 'चल, घरी जाऊ' असे म्हणते ते प्रेम आटल्यामुळे नव्हे, तर पैसे संपल्यामुळे. ग्रामपंचायत सदस्यांनी, महिला बचत गटांनी आणि गावातील शिक्षकांनी या एका ठिकाणी लक्ष घातले, तर एका डब्याच्या सोयीने एक बाळ वाचण्यास साहाय्य होऊ शकते.

आईचे दूध काही केल्या पुरेसे नसेल, किंवा आईच दगावली असेल, तर दुसऱ्या मातेने दान केलेले दूध हा पुढचा पर्याय होय. या बाबतीत महाराष्ट्राने आशिया खंडास वाट दाखविली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली दुग्धपेढी. दूध देणाऱ्या मातांची तपासणी करून, ते दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून आणि मग गोठवून ठेवण्यात येते. रक्तपेढीसारखीच ही व्यवस्था आहे. अशा पेढ्या आणि स्तनपान साहाय्य केंद्रे सार्वजनिक रुग्णालयांत उभारण्याविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१७ साली निघाल्या. शीवच्या पेढीनंतर त्यास अठ्ठावीस वर्षे लागली, याची नोंद येथे केली तर ती तक्रार समजू नये.

बोंडले

आता ज्या साध्या वस्तूसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळू. जुन्या घरांतील बाळंतविड्यात चांदीचे किंवा पितळेचे एक लहानसे पसरट भांडे असे. त्याला एका बाजूस चिंचोळी चोच. त्याला बोंडले म्हणत. बाळाला औषध, गुटी किंवा दूध त्यातून पाजीत. दक्षिणेत, विशेषतः केरळ आणि तमिळनाडूत, हेच भांडे पालाडाई या नावाने ओळखले जाते. भारतातील नवजात बालकांच्या कक्षांत आज ते याच दाक्षिणात्य नावाने सर्रास वापरात आहे. आपल्या आजीच्या पेटीतील वस्तू आपल्याकडे परत आली ती पाहुणीचे नाव धारण करून!

बोंडल्याचा गुण त्याच्या साधेपणात आहे. ते उघडे असते, त्यात हात घालून घासता येते, उकळत्या पाण्यात टाकता येते, आणि दूध कोठे अडकून राहत नाही. पाजणाऱ्याला दुधाची धार दिसते. बाळ गिळेपर्यंत थांबता येते. हल्ली पोलादाची बोंडली मिळतात आणि उकळण्यास तीच सोयीची. बोंडले नसेल, तर लहान वाटी आणि गोल कडांचा चमचा चालतो.

मात्र आजीचे बोंडले घ्यावे आणि आजीची पद्धत सोडावी, असे म्हणणे भाग आहे. पूर्वी बाळाला पसरलेल्या पायांवर उताणे घेऊन, गाल दाबून, ते रडत असतानाच दूध किंवा गुटी घशात ओतीत. धडधाकट मूल त्यातून निभावून जाई. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तोच प्रकार प्राणघातक ठरू शकतो. परिचारिका आईला जी रीत शिकवितात, ती अशी. बाळ जागे असावे. झोपेत पाजू नये. त्याला मांडीवर अर्धवट बसते करून मानेला आणि डोक्याला हाताचा आधार द्यावा. बोंडले काठोकाठ न भरता, त्याची चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याशी टेकवावी आणि थोडे दूध ओठाशी येऊ द्यावे. बाळ जीभ पुढे काढते, चाटते, मग एक घोट गिळते. तो गिळला गेल्याचे पाहूनच पुढचा द्यावा. मध्येच ते पेंगू लागले, तर कानामागे किंवा तळव्यावर हलकेच बोट फिरवावे. ठसका लागला, रंग बदलला, छातीची हालचाल थांबल्यासारखी वाटली, की बोंडले बाजूला करून तत्काळ परिचारिकेस हाक मारावी. दूध संपल्यावर बाळाला खांद्याशी उभे धरावे.

या सर्व क्रियेस प्रारंभी वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि सोळा मिलिलिटर दूध संपते. दोन तासांनी पुन्हा तेच. बाळ पूर्ण दूध पिऊ शकले नाही, तर उरलेले नळीने देतात. त्यात अपयश मानण्याचे कारण नाही. दिवसांतून दोन वेळा बोंडल्याने आणि उरलेल्या वेळी नळीने, मग चार वेळा, मग सर्व वेळा, असा हा क्रम पुढे सरकतो. दुधाच्या वेळेपूर्वी आपोआप जागे होणे, हात तोंडाकडे नेणे, गालाला स्पर्श होताच त्या बाजूस तोंड वळविणे, या खुणा दिसू लागल्या की ते अंगावर पिण्यास तयार होत आहे, असे समजावे.

याच काळात बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, तासन्‌तास ठेवण्याची जी पद्धत आहे, ती कांगारू पद्धत म्हणून सर्वांना परिचित आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्यांच्या टंचाईमुळे १९७८ साली ती सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,००० ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर त्वरित अशा रीतीने ठेवल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. आमच्या विषयापुरते एवढेच सांगावयाचे की, छातीशी असलेले बाळ दुधाच्या वासाजवळ असते, आणि आईला दूधही अधिक येते. आई थकली, तर वडिलांनी किंवा आजीने बाळाला छातीशी घ्यावे. वडिलांना याचा संकोच वाटतो, असा अनुभव सर्वत्र सांगितला जातो; एकदा बाळ छातीवर झोपी गेले की तो राहत नाही, असेही सांगतात.

बाटलीविषयी

युरोप-अमेरिकेत अशा बाळांना रुग्णालयात बाटलीने पिण्यास शिकविण्याचा प्रघात आहे. तेथील परिचारिका बाळाला कुशीवर घेतात, बाटली आडवी धरतात, बारीक छिद्राचे बूच वापरतात आणि तीन-चार वेळा चोखून झाले की बाटली खाली करून बाळाला श्वास घेऊ देतात. या काळजीचे कारण असे की, बाटलीतील दूध बाळाच्या इच्छेची वाट पाहत नाही. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक पॉला मायर यांनी १९८० च्या दशकात जी निरीक्षणे केली, त्यांत अंगावर पिताना बाळाच्या शरीरातील प्राणवायूची पातळी बाटलीने पिताना राहते त्यापेक्षा अधिक स्थिर राहत असल्याचे दिसले. बाटली सोपी आणि अंगावर पिणे कष्टाचे, ही तोवरची समजूत त्यामुळे डळमळली.

आपल्याकडील परिस्थिती तर आणखी वेगळी. बाटलीचे रबरी बूच आणि गळा आतून घासणे, प्रत्येक वेळी ती वीस मिनिटे उकळणे, हे ज्या घरी पाणी दिवसाआड येते आणि चूल पेटविण्यास सरपण गोळा करावे लागते, तेथे होत नाही. दुष्काळी उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांना हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आठव्या महिन्यात जन्मली. रुग्णालयात ती वाटीने चांगली पीत होती. घरी आल्यावर वाटीने पाजण्यास वेळ फार लागतो म्हणून मीच बाजारातून बाटली आणून दिली. शिकलेल्या मामाची ती भेट होती. तीन दिवसांत मुलगी अंगावर पिण्याचे टाळू लागली, आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले, आणि पुन्हा नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. आज ती मुलगी शाळेत आहे, धावण्याच्या शर्यतीत भाग घेते. ती बाटली मात्र माझ्या बहिणीने अजून कपाटावर ठेवली आहे, मला दिसेल अशी.

या संदर्भात कायदाही आहे, आणि तो अनेक जबाबदार व्यक्तींना ठाऊक नसतो. अर्भकांसाठीचे दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि अर्भक-अन्न यांविषयीचा १९९२ चा केंद्रीय अधिनियम १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यान्वये या वस्तूंची जाहिरात करणे, मातांना नमुने किंवा भेटी देणे, आरोग्यसंस्थांत त्यांचा प्रचार करणे यांस मनाई आहे. डब्यावर बालकाचे अथवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. विक्रीस बंदी नाही. वैद्यकीय कारणास्तव डॉक्टरांनी सांगितल्यास पावडरचे दूध द्यावे लागते आणि त्यात आईने अपराधी वाटून घेऊ नये. परंतु तेही बोंडल्याने किंवा वाटीनेच पाजता येते. बालवाडीच्या कार्यक्रमात अथवा गावातील बाळ-स्पर्धेत एखादा दुकानदार बक्षीस म्हणून दुधाची बाटली देऊ करतो, तेव्हा आयोजकांनी ती सविनय परत करावी.

घरी परतल्यावर

बाळ तोंडाने पूर्ण दूध पिऊ लागले, उबेसाठी पेटीची गरज उरली नाही आणि सलग तीन दिवस वजन वाढले, म्हणजे साधारणतः घरी जाण्याची अनुमती मिळते. वाशीचे आपले बाळ छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, सुमारे दोन किलो वजनाचे होऊन घरी येईल. येथून पुढे रुग्णालयाची जागा आशा कार्यकर्ती घेते.

घरच्या घरी अशा बाळांची काळजी घेता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन १९९५ ते १९९८ या काळात नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी तेथे पूर्वी शेकडा ३३ दगावत. पुढील वर्षांत हे प्रमाण शेकडा १० वर आले. त्यांत मोठे यंत्र नव्हते. पाजण्यास मदत, ऊब, स्वच्छता आणि जंतुसंसर्गावर वेळीच औषध, एवढेच होते. आपल्या जिल्ह्यातही तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले, ते याच विश्वासाने. २०११ पासून आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर राबविला जात आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा जाते. कक्षातून सुटलेल्या बाळासाठी पहिली भेट सुटकेनंतर लगेच, चोवीस तासांत व्हावयाची असते.

या भेटीत तिने काय पाहावे? बाळ चोवीस तासांत सहा ते आठ वेळा लघवी करते काय, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला उठवून पाजले जाते काय, घरात बाटली, मध, गुटी किंवा साखरपाणी शिरले आहे काय, आणि वजन. बाळ पिण्याचे सोडून देते, अंग गार लागते, पोट फुगते, हिरवी उलटी होते किंवा श्वास अडखळतो, तेव्हा सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकास दूरध्वनी करून वाहन मागवावे. उमरगेकरांना लातूर आणि परंड्याच्या लोकांना बार्शी जवळ वाटते, हे समजण्यासारखे आहे. तथापि कोठे जावयाचे ते रुग्णालयातून निघतानाच विचारून ठेवावे आणि सुटकेचा कागद बाळाच्या लंगोटाच्या पिशवीतच ठेवावा. आणीबाणीत तो कधी सापडत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरता एक प्रश्न यात वेगळा आहे. भूम, परंडा, कळंब, वाशी या भागांतून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जोडप्याने कोयता घेतलेला असतो, उचल घेतलेली असते, त्यामुळे दोन किलोच्या बाळाला घेऊन बाळंतीणही टोळीबरोबर निघते. गावच्या आशेच्या वहीत त्या बाळापुढे 'बाहेरगावी' एवढाच शेरा राहतो, आणि कारखान्याच्या तळावरील आशेला ते बाळ कक्षातून आलेले आहे, हे कोणी सांगत नाही. अशा घरी निदान बाळ बेचाळीस दिवसांचे होईपर्यंत आईला गावी थांबविता येईल काय, हे सरपंचांनी मुकादमाशी बोलून पाहावे. ते न जमल्यास, कुटुंब कोणत्या कारखान्याच्या तळावर जात आहे, ते आशेने लिहून घ्यावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तेथील केंद्रास कळवावे. आईजवळ सुटकेच्या कागदाबरोबर एक पोलादी बोंडले आणि ते उकळण्यास एक झाकणाचे पातेले असावे. पाचटाच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवरही पातेले उकळते.